परतीची वाट

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात तेल्हारा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक प्राथमिक शिक्षक. उभी हयात याच तालुक्यातील शाळांतून मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविण्यात गेली. गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराप्रसंगी मी विद्यार्थ्यांना उपदेशपर काही सांगावे, अशी चिटणिसांची सूचना होती. त्यांची क्षमा मागून मी आज वेगळाच विषय घेत आहे. परमुलखात गेलेला आणि तेथे कागदपत्रांवाचून अडकून पडलेला आपला माणूस स्वखुशीने घरी परत येऊ शकतो काय, कोणत्या मार्गाने येऊ शकतो, आणि तो आल्यावर आपण त्याला कसे वागवतो, हा तो विषय होय.

सातपुड्याच्या पायथ्याशी, कपाशी आणि केळीच्या या मुलखात, असला विषय कशासाठी, असे कित्येकांस वाटेल. परंतु आपण सुतार मंडळी आहोत, हे विसरून चालणार नाही. आपल्या वाडवडिलांना गावचे बलुते होते. वखर, तिफण, बैलगाडी, घराच्या तुळया, दाराच्या चौकटी हे सारे आपल्या हातचे काम. सुगीला खळ्यावरून धान्य घरी येई. पुढे अवजारे लोखंडी झाली, बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, बलुते गेले. हातातील कसब मात्र राहिले, आणि त्या कसबाला जेथे मागणी होती तेथे आपली पोरे गेली. प्रथम अकोला आणि नागपूर, मग पुणे, मुंबई, सुरत, आणि १९७० नंतरच्या काळात तेलाच्या पैशाने आखाती देशांत इमारती उठू लागल्या तेव्हा तिकडेही. सिमेंट ओतण्यापूर्वी लाकडी साचे बांधावे लागतात, आणि साचे बांधण्यास सुतार लागतो. विमानात बसण्याची आपली वेळ कुणाच्या हौसेने आलेली नाही. धंद्याच्या ओढीने आलेली आहे.

आपल्या पेटीत गिरमिट नावाचे हत्यार असते. लाकडास भोक पाडण्याचे. याच उच्चाराचा दुसरा एक शब्द आपल्या देशाच्या इतिहासात आहे. इंग्रजी ‘अॅग्रीमेंट’ या शब्दाचा मजुरांच्या तोंडी झालेला तो अपभ्रंश. १८३४ पासून कराराने बांधलेले भारतीय मजूर मॉरिशसला जाऊ लागले; पुढे नाताळ, त्रिनिदाद, फिजी येथे गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसेही होती, आणि त्यांचे वंशज मॉरिशसमध्ये अद्याप मराठी म्हणून ओळखले जातात. या गिरमिटातही परतीचे एक कलम होते. फिजीच्या करारात पाच वर्षांनंतर स्वखर्चाने आणि दहा वर्षांनंतर सरकारी खर्चाने मायदेशी येण्याची मुभा होती. परतीचा प्रश्न असा जुना आहे. त्या परतलेल्यांचे पुढे काय झाले, हे मी नंतर सांगतो. आधी आजची गोष्ट सांगतो.

माझा एक विद्यार्थी होता. त्याच्या परवानगीनेच ही हकिगत सांगत आहे. नाव मात्र सांगत नाही. मुलगा हाताचा कुशल, पुस्तकात मन कमी. दहावीत नापास झाला आणि बापाच्या हाताखाली रंधा मारू लागला. बाप लवकर गेला. २०११ साली एका दलालाने त्यास कुवेतला जाण्याची आशा दाखविली. दोन एकर कोरडवाहू शेत गहाण पडले, एक लाख दहा हजार रुपये दलालास दिले गेले, आणि पोरगा गेला.

तेथे उतरल्यावर त्यास कळले की, आपला परवाना घरगुती नोकराचा आहे, आणि काम मात्र बांधकामावर सुताराचे आहे. परवाना ज्याच्या नावाचा, तो मालक एक. काम देणारा दुसरा. पासपोर्ट मालकाने पहिल्याच दिवशी काढून घेतला. नव्वद दिनार पगार ठरला होता, हाती साठ पडत, आणि पुढे चार महिने तेही पडले नाहीत. तेव्हा तो ते काम सोडून दुसरीकडे गेला. मालकाने ‘माणूस पळाला’ अशी फिर्याद नोंदविली. वास्तव्याचा परवाना, ज्यास तेथील मजूर ‘अकामा’ म्हणतात, त्याची मुदत संपली ती पुन्हा वाढली नाही. अशा रीतीने, कुणाचेही काही न चोरता, कुणावर हात न उगारता, आपला एक सरळ मार्गाचा सुतार २०१३ साली कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार झाला. आखातात अशा माणसास ‘खल्लीवल्ली’ म्हणतात. अरबी बोलीत त्याचा भाव ‘सोडून द्या, जाऊ द्या’ असा आहे. माणसास असे नाव पडावे, यातच त्याची स्थिती दिसून येते.

बंधूंनो, बेकायदा राहणारा मनुष्य म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रात्री कुंपण ओलांडून शिरणारा कुणी येतो. तसेही असतात. परंतु कागदपत्रे घेऊन उजळ माथ्याने गेलेला आणि तेथे गेल्यावर बेकागद झालेला, असाच आपल्यातील अडकलेला माणूस बहुधा असतो. कुणी पर्यटकाच्या परवान्यावर नोकरीस गेलेला असतो, कुणाची कंपनी बुडालेली असते, कुणाचा मालक परवाना वाढवीत नाही. तेथील व्यवस्थेत मजुराचे वास्तव्य मालकाच्या नावाशी बांधलेले असते. मालक सुटला की वास्तव्यही सुटते.

आता अशा माणसाची परतण्याची अडचण ऐका. परत जावे तर देश सोडण्याच्या नाक्यावर दंड मागतात. कुवेतमध्ये त्या काळी दिवसाला दोन दिनार आणि अधिकात अधिक सहाशे दिनार असा दंड होता. सहाशे दिनार म्हणजे तेव्हाचे आपले सुमारे सव्वा लाख रुपये. ते नाहीत म्हणून राहावे, तर पकडले जाण्याची भीती. पकडल्यास कोठडी, बोटांचे ठसे, हद्दपारी आणि पुन्हा प्रवेशास बंदी. म्हणून मनुष्य दिवसा कामावर आणि रात्री दाटीच्या खोलीत दडून राहतो. आजारी पडला तरी इस्पितळात जात नाही.

ही कोंडी फोडण्यासाठी त्या त्या देशांची सरकारे अधूनमधून माफीची मुदत जाहीर करतात. ठरलेल्या तारखांच्या आत जो आपण होऊन पुढे येईल, त्याचा दंड माफ होतो, त्यास कोठडीत घालीत नाहीत, आणि पुष्कळदा पुढे रीतसर परवान्यावर पुन्हा येण्याची मोकळीकही ठेवतात. संयुक्त अरब अमिरातीने १९९६, २००३ आणि २००७ साली अशी माफी दिली. पुन्हा २०१८ साली १ ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत आणि २०२४ साली १ सप्टेंबरपासून ३१ डिसेंबरपर्यंत दिली. सौदी अरेबियाने २०१३ आणि २०१७ साली दिली. मलेशियाने २०१९ साली ऑगस्ट ते डिसेंबर या पाच महिन्यांत सातशे रिंगिट भरून आणि स्वतःचे तिकीट दाखवून निघून जाण्याची सवलत दिली. कुवेतने २०१८ साली २९ जानेवारीपासून माफी सुरू केली, आणि तिची मुदत वाढवून २२ एप्रिलपर्यंत नेली. तारखा मी मुद्दाम सांगतो. कारण या सवलतींचा सारा जीव तारखेत असतो. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तोच मनुष्य पुन्हा गुन्हेगार ठरतो.

पासपोर्टच हाती नसेल तर काय, असा प्रश्न साहजिक आहे. त्यासाठी आपला दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. ते एकाच प्रवासाचे, फक्त मायदेशी येण्यापुरते असते. माणूस भारतीय आहे याची खात्री पटावी लागते. म्हणून जुन्या पासपोर्टची झेरॉक्स किंवा गावाकडील एखादा कागद फार मोलाचा ठरतो. अडल्या-नडलेल्यांच्या तिकिटासाठी, राहण्या-जेवण्यासाठी आणि कायदेशीर मदतीसाठी भारत सरकारचा भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो २००९ साली स्थापन झाला व २०१७ साली त्याचे नियम अधिक उदार केले गेले. तक्रार नोंदविण्यास २०१५ पासून ‘मदद’ नावाची सोय आहे. गावात बसलेली आईसुद्धा कुणाकडून तरी मोबाइलवर ती तक्रार भरून घेऊ शकते. मात्र ज्याच्यावर न्यायालयात खटला किंवा देण्याबद्दल प्रवासबंदी आहे, त्यास ते प्रकरण मिटल्यावाचून माफीचा उपयोग होत नाही. हेही ध्यानात ठेवावे.

युरोपातील रीत आणखी निराळी आहे. जर्मनीने १९७९ सालापासून आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या साहाय्याने स्वेच्छेने परतणाऱ्यांस तिकीट आणि थोडी रक्कम देण्याची पद्धत सुरू केली. इंग्लंडमध्ये अटींत बसणाऱ्यास तीन हजार पौंडांपर्यंत साहाय्य मिळते. यामागे दयेइतकाच हिशेबही आहे. बळाने हाकलण्यास सरकारला जो खर्च येतो, त्याहून हे स्वस्त पडते.

बळाने हाकलणे कसे असते, हे आपण अलीकडेच पाहिले. २०२५ सालच्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यात १०४ भारतीय होते, आणि त्यांत तिघे महाराष्ट्रातील होते. हातात बेड्या आणि पायांत साखळ्या घालून त्यांस आणले होते. त्याच वर्षी मार्च महिन्यात अमेरिकेच्या सरकारने मोबाइलवरून ‘मी आपण होऊन जातो’ असे कळविण्याची सोय केली, आणि मे महिन्यात असे जाणाऱ्यास तिकीट व एक हजार डॉलर देऊ केले. परंतु तेथेही एक मेख आहे. एक वर्षाहून अधिक काळ बेकायदा राहिलेला मनुष्य स्वखुशीने निघाला तरी तेथील कायद्याप्रमाणे त्यास दहा वर्षे पुन्हा प्रवेशाची बंदी लागू शकते. म्हणून आपले कुणी तिकडे असल्यास त्याने जाणत्या वकिलाचा सल्ला घेतल्यावाचून मोबाइलवरील बटण दाबू नये.

असो. सांगण्याचा मुद्दा हा की, वाटा आहेत. त्या अरुंद आहेत, मुदतीच्या आहेत, पण आहेत. मग माणसे येत का नाहीत? पाच-पाच, सात-सात वर्षे लपून का राहतात? मोठा अडथळा इकडे आहे, असे माझे नम्र मत आहे. ते मत मी पुस्तकात वाचून बनविलेले नाही. माझ्याच हातून घडलेल्या एका गोष्टीवरून ते बनले आहे.

२०१४ सालच्या पावसाळ्यात त्या मुलाची आई माझ्या घरी आली. बाई अक्षरशत्रू, पण शहाणी. ओट्यावर बसली आणि म्हणाली, “गुरुजी, तो माह्यं आयकत नाही. कर्ज फिटल्याबिगर येत नाही म्हनते. तुमचं आयकते तो. त्याले सांगा जी, पैशाचं मंग पाहू, तू आंधी घरी ये.”

मी फोन लावला. घरात आवाज नीट येईना, म्हणून अंगणात गेलो. मुलगा बोलला. त्याच्या आवाजातच मला कळले की, तो यायला आतुर आहे. कुणीतरी ‘ये’ म्हणण्याचीच वाट पाहतो आहे. आणि मी काय सांगितले? मी म्हणालो, “आई बरी आहे, काळजी करू नकोस. कर्ज निम्मे बाकी आहे. रिकाम्या हातांनी येऊन काय करशील? समाजात तोंड दाखविता आले पाहिजे. दोन वर्षे कळ काढ.” हे मी त्याच्या हिताचेच समजून बोललो. शिक्षकास उपदेश करण्याची सवय असते. आईचा निरोप मी सांगितलाच नाही. आत येऊन तिला मात्र म्हणालो, “सांगितले.” तिला फार समाधान वाटले. जाताना तिने मला दोन वेळा नमस्कार केला.

२०१६ साली ती वारली. मुलास येता आले नाही. परत येण्यास कागद नव्हता, आणि माफीची मुदत सुरू नव्हती. अंत्यविधी चुलत्याने केला.

२०१८ साली कुवेतची माफी जाहीर झाली तेव्हा तो पुढे आला. खोलीतील सोबत्यांनी वर्गणी करून तिकीट काढून दिले. दूतावासाच्या रांगेत तो दोन दिवस उभा होता. प्रमाणपत्र घेऊन तो मुंबईस उतरला, रेल्वेने शेगावला आला, आणि तेथे दिवसभर बसून राहिला. उजेडी गावात शिरण्याची त्यास लाज वाटली. अंधार पडल्यावर तो एस.टी.त बसला.

त्याची लाज अनाठायी नव्हती, हे पुढे दिसून आले. गावात जो तो विचारी, “किती कमावलं? काय आणलं?” कुणी म्हणे, पोलिसांनी हाकलला. कुणी म्हणे, पळून आला. आपल्याच समाजातील दोन ठिकाणी त्याचे लग्न जमत आले आणि मोडले. ‘परदेशातून काढून दिलेला’ हा शेरा त्याच्या नावापुढे लागला होता. सरकारने माफी दिली होती, शिक्का मारून त्यास निर्दोष सोडले होते, पुन्हा येण्याचीही बंदी घातली नव्हती. आपण मात्र माफी दिली नाही.

पंधरा दिवसांनी तो माझ्याकडे आला. चहा झाला. मग खाली मान घालून त्याने विचारले, “गुरुजी, त्या दिवशी मायनं तुमच्यापाशी काय निरोप देला होता?”

खोटे बोलणे मला शक्य होते. पण मी खरे ते सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर एवढेच म्हणाला, “थांब म्हनून मायनं सांगितलं असन, असं मले वाटतच नव्हतं जी.” आणि उठून गेला. त्याने मला दोष दिला नाही. आजही वाटेत भेटला की तो वाकून नमस्कार करतो, आणि दर वेळी मला त्याच्या आईचे ते दोन नमस्कार आठवतात.

आता मघाशी अर्धवट सोडलेली इतिहासाची गोष्ट पुरी करतो. गिरमिटातून सुटून जी माणसे मायदेशी परतली, त्यांपैकी पुष्कळांस गावाने घेतले नाही. समुद्र ओलांडला म्हणून जातीने बाहेर ठेवले, प्रायश्चित्त आणि जातिभोजन मागितले, जमवून आणलेली चार नाणी त्यातच संपविली. बायको परजातीची असेल तर तिला आणि मुलांना दारात उभे केले नाही. असे किती तरी लोक कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे दैन्यात पडून राहिले, आणि ज्या परमुलखातून सुटून आले तेथेच परत जाण्यासाठी जहाजाची वाट पाहू लागले. पुढे १९२७ साली भारत सरकार आणि दक्षिण आफ्रिकेचे सरकार यांच्यात केपटाऊनचा करार झाला. आपण होऊन भारतात परतणाऱ्या प्रौढास वीस पौंड आणि मुलास दहा पौंड देण्याचे त्यात ठरले. हजारो लोक आले. त्यांच्या स्थितीची चौकशी करून भवानी दयाळ संन्यासी आणि बनारसीदास चतुर्वेदी यांनी १९३१ साली अहवाल प्रसिद्ध केला. पौंड देऊन जहाजात बसविलेल्या या लोकांचे इकडे आल्यावर किती हाल झाले, हे त्यातून जगापुढे आले. तिकीट मिळाले होते, रक्कमही मिळाली होती. नव्हते ते घेणारे गाव.

ज्ञातिबंधूंनो, त्यांस बाहेर ठेवणारे कोण होते? इंग्रज नव्हते. ते आपल्यासारखेच लोक होते, ज्ञातीच्या सभेत बसणारे, बहुधा आपापल्या परीने प्रामाणिक असणारे. प्रायश्चित्ताचा काळ गेला असे आपण म्हणतो. परंतु ‘काय आणलंस?’ हा प्रश्न हेही एक प्रायश्चित्तच आहे, आणि मोडलेली सोयरीक हाही एक बहिष्कारच आहे. परदेशातील बेकायदा माणसाच्या दृष्टीने माफीची मुदत दोन ठिकाणी जाहीर व्हावी लागते. एक त्या देशाच्या राजधानीत, आणि दुसरी त्याच्या गावात. दुसरी जाहीर झाली नाही तर पहिली फुकट जाते.

यास्तव मंडळापुढे माझ्या चार सूचना आहेत. त्या मोठ्या नाहीत. मंडळाच्या ऐपतीत बसतील अशाच आहेत.

पहिली सूचना जाण्यापूर्वीची आहे. जो मुलगा जाऊ इच्छितो, त्याने दलाल सरकारमान्य आहे काय, हे आधी पाहावे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला दलालच माणसे पाठवू शकतो, आणि नियमाप्रमाणे त्यास तीस हजार रुपये व त्यावरील कर, याहून अधिक घेता येत नाही. पर्यटकाच्या परवान्यावर नोकरीस जाऊ नये, मग कुणी कितीही शपथा घेवोत. येथे मला माझ्या मॅट्रिकविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. ज्यांचे शिक्षण दहावीपेक्षा कमी आहे, त्यांस आखातासह अठरा देशांत नोकरीस जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी लागते. दहावी झालेल्यास ती सहसा लागत नाही. आपल्याला वाटते, बरे झाले, एक कटकट वाचली. पण त्या कटकटीतच नोकरीचा करार तपासला जातो आणि विमा उतरविला जातो. म्हणून शिकलेल्याने आपला करार आपणच दुप्पट काळजीने वाचावा.

दुसरी सूचना नोंदीची. बाहेर गेलेल्या प्रत्येकाच्या पासपोर्टची, परवान्याची आणि कराराची झेरॉक्स घरी असावी, आणि कुटुंबाची संमती असल्यास एक प्रत मंडळाच्या कपाटात असावी. माणूस अडकला तर तो भारतीय आहे हे सिद्ध करण्यास तो एक कागद पुरतो.

तिसरी सूचना बातमीची. कुठल्याही देशाने माफी जाहीर केली की ती तारीख आपल्या प्रत्येक घरापर्यंत पोचली पाहिजे. बातमी इंग्रजी पत्रात येते. आई आपली मराठीही वाचीत नाही. मंडळातील दोन तरुणांनी एवढेच काम अंगावर घ्यावे. घरोघरी जावे, आणि निरोप जसाच्या तसा पोचवावा. माझ्यासारखा त्यात आपला उपदेश मिसळू नये.

चौथी सूचना परतल्यानंतरची. केरळ सरकारने प्रवासी केरळीयांसाठी १९९६ साली स्वतंत्र खाते उघडले. परत आलेल्यास धंद्यासाठी बँकेचे कर्ज आणि त्यात पंधरा टक्के, अधिकात अधिक तीन लाख रुपयांपर्यंत, भांडवली साहाय्य अशी योजना तेथे आहे. आपले मंडळ एवढे काही करू शकणार नाही. परंतु आपण सुतार आहोत. परत आलेल्यास आपण एक पेटी देऊ शकतो. करवत, रंधा, पटाशी, वासला, आणि आजच्या काळास अनुसरून विजेवर चालणारे ड्रिल आणि कटर. नवीन नसले तरी चालेल. आणि पेटीबरोबर पहिले काम द्यावे. सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या घरी एखादे दार करायचे, एखादे कपाट दुरुस्त करायचे असतेच. ज्याच्या हाती पेटी आणि काम आहे, त्यास ‘काय आणलंस’ असे विचारण्याचे कारणच राहत नाही.

या कामासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून अकरा हजार रुपये मी आज खजिनदारांकडे देत आहे. हे दान नव्हे. दोन वर्षे कळ काढ, असे ज्यास मी सांगितले त्याच्या त्या दोन वर्षांचे मोल मी पैशाने भरून देऊ शकत नाही, हे मला ठाऊक आहे.

त्या मुलाविषयी आपणास उत्सुकता असेल. त्याचे कर्ज २०२० साली फिटले. ते त्याने येथे काम करूनच फेडले; त्यासाठी त्यास परदेशी राहण्याची जरुरी नव्हती, हेही मला त्याच्याच हिशेबाने शिकविले. आज तो अकोल्यात फर्निचरची कामे घेतो, आणि दोन मुले त्याच्या हाताखाली शिकत आहेत. त्याचा विवाहही झाला आहे, आणि मुलीच्या वडिलांनी ‘काय आणलंस’ असे न विचारता ‘काय येतं’ असे विचारले, हे मी अभिमानाने सांगतो. ते गृहस्थ आज याच सभेत बसले आहेत.

ज्या मातांची मुले आज कुठल्या तरी दूरच्या शहरात, कुठल्या तरी खोलीत, पोलिसाच्या पावलांचा कानोसा घेत निजली असतील, त्या मातांना माझी एवढीच विनंती आहे की, मुलाशी स्वतःच बोला. कुणा गुरुजीच्या हाती निरोप देऊ नका. आणि आपण सर्वांनी त्या मुलास एकच शब्द कळवावा. तो शब्द त्या बाईने माझ्या ओट्यावर बसून मला सांगितला होता आणि मी तो पोचविला नाही. आज, अकरा वर्षांनी का होईना, या व्यासपीठावरून तो पोचवीत आहे: पैशाचे मग पाहू, तू आधी घरी ये.